३८ गुणांची रेघ: एम. ए. इंग्रजीच्या एका व्याकरण-चाचणीचे प्रकरण

नागपुरातला एक इंग्रजी विभाग. एम. ए.च्या पहिल्या सत्रात ७४ विद्यार्थी. साधारण निम्मे शहरातले, इंग्रजी किंवा सेमी-इंग्रजी माध्यमातून आलेले; बाकीचे काटोल, उमरेड, रामटेक, तुमसर, हिंगणघाट, गोंदिया इकडचे, शाळा मराठी किंवा हिंदी माध्यमाची आणि पदवीला इंग्रजी साहित्य. भाषाविज्ञान आणि अनुवाद हे दोन पेपर ज्यांना थेट झेपतील त्यांची ‘अ’ तुकडी, आणि ज्यांना आधी आठ आठवड्यांचा पूरक वर्ग लागेल त्यांची ‘ब’, अशी वाटणी करायची होती. त्यासाठी व्याकरण आणि शब्दसंग्रहाची ५० गुणांची, एका तासाची चाचणी घ्यायचे ठरले.

प्रकरण अध्यापकांच्या उपयोगासाठी रचलेले आहे. विभाग कोणताही एक नाही आणि वर्गाचे आकडे हिशेब पायरीपायरीने दिसावा म्हणून घेतले आहेत. इंग्रजी वाक्ये इथे देवनागरीत दिली आहेत, पेपरात ती अर्थातच रोमन लिपीत असतात.

पहिला पेपर

दोघा अध्यापकांनी तीन दिवसांत पेपर काढला. २० प्रश्न वाक्यरूपांतराचे: ‘नो सूनर… दॅन’ वापरून लिहा, ‘टू’ काढा, होकारार्थीचे नकारार्थी करा, कर्मणी प्रयोग करा. १५ प्रश्न सुट्या शब्दांचे: समानार्थी, विरुद्धार्थी, शब्दसमूहाबद्दल एक शब्द. उरलेल्या १५ रिकाम्या जागा, प्रत्येकी चार पर्याय, विषय आर्टिकल, प्रिपोझिशन आणि काळ.

निकाल लागला तो असा: मध्यमान म्हणजे सरासरी ३८.५, प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरले याचे माप) ४.२. ७४ पैकी ४९ जण ३५ ते ४२ या चिंचोळ्या पट्ट्यात दाटीने बसलेले. ३८ आणि त्याखालच्यांना ‘ब’मध्ये टाकले, कारण त्या रेघेवर वर्ग बरोबर अर्धा होत होता (‘ब’मध्ये ३७) आणि पूरक वर्गासाठी मिळालेल्या खोलीत बाके ४० जणांपुरती होती. रेघ का ३८ वर, याचे दुसरे कोणतेही उत्तर विभागाकडे नव्हते.

तीन आठवड्यांत दोन्हीकडून कुरबुर सुरू झाली. ‘अ’मधल्या काहींना भाषाविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातले लांब वाक्य फोडता येईना, ‘ब’मधल्या काहींना पूरक वर्ग बालवाडीसारखा वाटू लागला. दरम्यान ७४ जणांकडून ३०० शब्दांचा निबंध लिहून घेतला गेला होता आणि दोघांनी तो स्वतंत्रपणे तपासला होता. निबंधाचा क्रम आणि चाचणीचा क्रम यांचा सहसंबंध निघाला ०.३४ (दोन्ही क्रम तंतोतंत जुळले तर १). म्हणजे नाते आहे, पण त्यावर तुकडी ठरवावी इतके नाही.

विभागातले पहिले निदान होते, ‘पेपर सोपा गेला, पुढच्या वेळी अवघड शब्द टाकू.’ हे निदान जवळजवळ प्रत्येक विभागात याच शब्दांत होते आणि जवळजवळ प्रत्येक वेळी चुकते. पेपर सोपा होता हे खरे. बिघाड मात्र दुसरीकडे होता.

प्रश्न सुटे करून पाहिले तेव्हा

एक्सेलच्या पानावर ओळीत विद्यार्थी, स्तंभात प्रश्न, बरोबरला १ आणि चुकीला ०. एकूण गुणांवर उतरता क्रम लावायचा आणि वरचे २७ टक्के, खालचे २७ टक्के बाजूला काढायचे. केली यांनी १९३९ मध्ये हे प्रमाण सुचवले. गट पुरेसे मोठेही राहतात आणि एकमेकांपासून पुरेसे लांबही. ७४ चे २७ टक्के म्हणजे २०. मग प्रत्येक प्रश्नाची दोन मूल्ये. काठिण्य मूल्य: दोन्ही गटांतली बरोबर उत्तरे भागिले ४०; नाव काठिण्याचे असले तरी आकडा जितका मोठा तितका प्रश्न सोपा. भेदन मूल्य: वरच्या गटातली बरोबर उत्तरे वजा खालच्या गटातली, भागिले २०. बी. एड. झालेल्या प्रत्येकाने हे एकदा परीक्षेपुरते पाठ केलेले असते. एबेल यांची मोजपट्टी सोपी आहे: भेदन ०.४० किंवा जास्त असेल तर प्रश्न उत्तम, ०.३० ते ०.३९ चांगला, ०.२० ते ०.२९ दुरुस्तीला द्यावा असा, त्याखाली टाकून द्यावा असा.

५० पैकी २३ प्रश्न ०.२० च्या खाली गेले. तीन तर उणे निघाले. त्यातले तीन नमुने इथे पुरेसे आहेत, कारण तिन्ही वेगवेगळ्या कारणांनी नासले होते.

प्रश्न ४: ‘ॲज सून ॲज द बेल रँग, द स्टुडंट्स लेफ्ट.’ हे ‘नो सूनर’ वापरून लिहा. वरच्या गटात २० पैकी २०, खालच्या गटात १८. काठिण्य मूल्य ०.९५, भेदन ०.१०. महाराष्ट्र बोर्डाची बारावी दिलेल्या मुलाला हा प्रश्न झोपेतही सुटतो. ‘नो सूनर’ आले की ‘डिड’ टाकायचे, क्रियापद मूळ रूपात आणायचे, स्वल्पविराम काढून ‘दॅन’ लावायचे, एवढी कृती हाताला बसलेली असते. सहायक क्रियापद कर्त्याआधी का आले, ते आणखी कोणत्या शब्दांनंतर येते, आणि लिहिणारा असे वाक्य मुळात कधी निवडतो, हे त्या कृतीला ठाऊक असण्याची गरज नाही. प्रश्नाने इन्व्हर्शन, म्हणजे सहायक क्रियापद कर्त्याआधी येणे, मोजलेच नाही, बोर्डाची तयारी मोजली. आणि ती तयारी सगळ्यांची सारखीच पक्की असल्यामुळे तुकड्या पाडायला तिचा काही उपयोग नव्हता.

प्रश्न २७: ‘लॅकोनिक’चा समानार्थी शब्द. वरचे १३, खालचे १२. काठिण्य मूल्य ०.६३, म्हणजे कागदावर अगदी आदर्श; भेदन ०.०५, म्हणजे शून्यच. अवघड शब्द टाकू म्हणणाऱ्यांनी या प्रश्नाकडे नीट पाहावे. असे शब्द स्पर्धापरीक्षांच्या याद्यांमध्ये ठाण मांडून असतात. अभ्यासिकेत बसून बँक किंवा स्टाफ सिलेक्शनची तयारी केलेला विद्यार्थी ते ओळखतो, मग त्याचे इंग्रजी कसेही असो. न ओळखणारा कदाचित वर्षाला वीस कादंबऱ्या वाचत असतो. प्रश्न अवघड करणे सोपे असते, पण अवघडपणातून इंग्रजीच वेगळे होईल याची हमी नसते.

प्रश्न ४१: ‘द कमिटी हॅज येट टू ___ अ डिसिजन.’ पर्याय मेक, टेक, डू, गिव्ह. उत्तरसूचीत ‘मेक’. वरच्या गटात बरोबर ७, खालच्या गटात १०, भेदन उणे ०.१५. वरच्यांपैकी १२ जणांनी ‘टेक’ निवडले होते आणि ते बरोबर होते: ‘टेक अ डिसिजन’ ब्रिटिश इंग्रजीत आणि आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही सर्रास चालते. चांगल्या वाचकाला दोन उत्तरे दिसली, त्याने जास्त ओळखीचे निवडले आणि गुण गमावला. भेदन उणे आले की विद्यार्थ्यांना बोल लावण्याआधी उत्तरसूची उघडावी. दहातल्या आठ वेळा चोर तिथेच सापडतो.

एका गुणाची किंमत

या पेपरची केआर-२० ही विश्वसनीयता, म्हणजे गुण किती भरवशाचे याचे माप, ०.५८ निघाली; पूर्ण भरवसा म्हणजे १. कुडर आणि रिचर्डसन यांचे हे सूत्र १९३७ चे. एक-शून्य गुणांच्या पेपरला चालते आणि एक्सेलमध्ये पाच मिनिटांत बसते. त्यावरून मापनाची प्रमाण त्रुटी, म्हणजे एखाद्याचे गुण साधारण किती इकडेतिकडे होऊ शकतात ते: प्रमाण विचलन गुणिले (१ वजा विश्वसनीयता) याचे वर्गमूळ. ४.२ गुणिले ०.४२ चे वर्गमूळ, म्हणजे २.७. आता रेघेकडे पाहा. ३८ च्या दोन्ही अंगांना २.७ धरले तर ३६ ते ४० या पट्ट्यात ३३ विद्यार्थी येतात. वर्गातले ३३ जण असे, की तोच पेपर दुसऱ्या दिवशी घेतला असता तर त्यांच्यातले किती रेघ ओलांडून इकडचे तिकडे झाले असते ते सांगता येणार नाही. ३८ वाला पूरक वर्गात आणि ३९ वाला भाषाविज्ञानात, याला या पेपरात काही आधार नव्हता.

‘प्रगत’ म्हणजे नेमके काय

नवा पेपर काढण्याआधी संविधान तक्ता, म्हणजे कोणत्या घटकाला किती गुण याचा आराखडा, बसवला गेला. तो आधीच्या वेळी नव्हताच. असता तर ५० पैकी २० गुण रूपांतराला जाताना कोणीतरी अडवले असते.

युरोपीय भाषा चौकटीत, म्हणजे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ए-१ ते सी-२ या सहा पायऱ्यांत, ‘प्रगत’ सी-१ पासून धरतात. त्या पायरीवर व्याकरणाच्या चुका क्वचितच होतात आणि झाल्या तरी चटकन दिसत नाहीत. तक्ता भरताना मात्र ही व्याख्या पुरत नाही. इथे उपयोगी पडला तो उलटा रस्ता: भाषाविज्ञान आणि अनुवादाच्या नेमलेल्या पुस्तकांतली दहा-दहा पाने घेऊन विद्यार्थी कुठे अडखळेल त्यावर खुणा करणे. खुणा पडल्या त्या ‘नॉट अंटिल’, ‘ओन्ली व्हेन’ यांनंतरच्या इन्व्हर्शनवर, आकुंचित (कर्ता-क्रियापद गाळून आखडलेल्या) उपवाक्यांवर, ‘इज सेड टू हॅव बीन’सारख्या रचनांवर, एका भागावर जोर देण्यासाठी वाक्य फोडणाऱ्या ‘इट इज… दॅट’ या क्लेफ्ट रचनेवर, क्रियापदाचे नाम करून भरलेल्या जड नामपदांवर, ‘मे वेल हॅव’, ‘टेंड टू’ अशा सावध विधानांवर.

शब्दांचेही तसेच. मायकेल वेस्ट यांची सुमारे २००० शब्दांची जनरल सर्व्हिस लिस्ट १९५३ ची. हे गृहस्थ ढाक्यात शिक्षक-प्रशिक्षणाचे काम करत होते, म्हणजे या शाखेचे एक मूळ आपल्याच उपखंडात आहे. त्यावर ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० मध्ये ५७० शब्दकुलांची (एक मूळ शब्द आणि त्याची रूपे मिळून एक कूळ) ॲकॅडेमिक वर्ड लिस्ट रचली. पॉल नेशन यांच्या २००६ च्या हिशेबाने इंग्रजी मजकुरातले ९८ टक्के शब्द ओळखायला ८००० ते ९००० शब्दकुले लागतात. एवढ्या साठ्याची चाचणी पंधरा सुट्या शब्दांवर घेणे म्हणजे कळमन्याच्या बाजारातल्या संत्र्यांच्या ट्रकातून एक फोड चाखून भाव ठरवणे. म्हणून ‘शब्द येतो का’ हे न विचारता, विद्यार्थी शब्द जोडीने वापरू शकतो का आणि एका शब्दापासून दुसरा घडवू शकतो का, एवढेच विचारायचे ठरले.

नवा पेपर, भागाभागाने

५० गुण, पण वेळ ७५ मिनिटे. दहातल्या किमान नऊ जणांना शेवटच्या प्रश्नापर्यंत पोचता यायला हवे, नाहीतर तो वेगाचा पेपर होतो. पहिल्या चाचणीत शेवटचे चार प्रश्न कोरे सोडणारे १३ जण होते.

पहिला भाग, ८ गुण: १८० शब्दांचा उतारा, आठ गाळलेल्या जागा, पर्याय नाहीत. विल्सन टेलर यांच्या १९५३ च्या मूळ क्लोझमध्ये, म्हणजे गाळलेल्या शब्दांच्या चाचणीत, ठरावीक अंतराने शब्द गाळतात. इथे ते केले नाही, कारण तसे केल्यावर काही जागा विशेषनामांवरही पडतात. फक्त व्याकरणाचे शब्द निवडून गाळले. पहिले वाक्य अखंड, दोन जागांमध्ये किमान सात-आठ शब्द, आणि छापताना सगळ्या रेषा एकाच लांबीच्या, नाहीतर रेषेची लांबीच उत्तर सांगते. विषय शहरातले तलाव आणि त्यांतले शेवाळ. क्रिकेटच्या नियमांचा उतारा घेतला असता तर निम्म्या वर्गाला तो न वाचताच अर्धा कळला असता. उतारा इंटरनेटवरून उचललेला नव्हता; उचललेल्या उताऱ्याची उत्तरेही उचलता येतात.

त्यातली एक जागा: ‘नॉट अंटिल द वॉटर टर्न्ड ग्रीन ___ एनीवन टेक नोटिस.’ उत्तर ‘डिड’. प्रश्न ४ चे आणि या जागेचे व्याकरण एकच. पण आता वरच्या गटात १६ बरोबर, खालच्यात ६. काठिण्य मूल्य ०.५५, भेदन ०.५०. चुकलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी ‘हॅड’ लिहिले होते. ‘हार्डली हॅड’, ‘नो सूनर हॅड’ हे कानात बसलेले. पुढे ‘टेक’ उभे आहे, ते ‘हॅड’ला चालणार नाही, हे पाहायला पाठांतर थांबत नाही. पुनर्रचनेचे सगळे मर्म या एका जागेत आहे. नियम तोच ठेवून दार बदलले, की घोकलेले बाहेर राहते.

दुसरा भाग, ८ गुण: दिलेल्या मूळ शब्दापासून योग्य रूप. किमान तीन ठिकाणी दोन बदल लागतील अशी रचना. ‘प्रिसिडेंट’पासून ‘अनप्रिसिडेंटेड’ घडवायला पुढेही जोडावे लागते आणि मागेही, शिवाय वाक्य नकारार्थी आहे की नाही हे शेवटपर्यंत वाचल्याखेरीज कळत नाही. स्पेलिंग चुकले तर शून्य, कारण इथे रूपच मोजायचे आहे. ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही स्पेलिंगे मान्य.

तिसरा भाग, १२ गुण: रूपांतराचे सहा प्रश्न, प्रत्येकी दोन गुण. केंब्रिजच्या सी-१ परीक्षेत असतो तो ढाचा: दिलेला शब्द न बदलता तीन ते सहा शब्दांत मधली जागा भरायची. ‘पीपल से दॅट द मॅन्युस्क्रिप्ट वॉज लॉस्ट इन द फायर’. दिलेला शब्द ‘सेड’. ‘द मॅन्युस्क्रिप्ट ___ लॉस्ट इन द फायर.’ उत्तर ‘इज सेड टू हॅव बीन’. उत्तरसूचीत हे उत्तर मधोमध रेघ मारून दोन तुकड्यांत लिहायचे: ‘इज सेड’ला एक, ‘टू हॅव बीन’ला एक. ‘इज सेड टू बी’ लिहिणाऱ्याला एक गुण मिळतो, आणि ‘टू हॅव बीन’मधला भूतकाळ त्याच्या हातून नेमका कुठे सुटतो ते पूरक वर्गाच्या अध्यापकाला कागदावर दिसते. आधीच्या २० रूपांतरांतून एवढी माहिती मिळाली नव्हती.

चौथा भाग, १० गुण: शब्दजोड्या, तीन-तीन पर्याय. चार पर्यायांचा हट्ट सोडला. रॉड्रिगेझ यांनी २००५ मध्ये ८० वर्षांचे संशोधन एकत्र तपासून तीनच पुरतात असा निष्कर्ष काढला आहे, आणि चौथा चकवा पर्याय बहुधा पानाची जागाच खातो. खरी डोकेदुखी वेगळी असते. ‘द फाइंडिंग्ज ___ डाउट ऑन द थिअरी’ यात उत्तर ‘कास्ट’. पहिल्या मसुद्यात चकवा म्हणून ‘थ्रो’ होता, आणि ‘थ्रो डाउट ऑन’ हेही इंग्रजीत चालते. म्हणजे प्रश्न ४१ चीच पुनरावृत्ती झाली असती. शेवटी कास्ट, पुट, ड्रॉप असे पर्याय गेले. शब्दजोडीच्या प्रत्येक चकव्यासाठी शब्दकोश उघडून पाहायचा, स्वतःच्या कानावर विसंबायचे नाही. यात प्रश्नामागे दहा मिनिटे जातात आणि ती जाऊ द्यावी लागतात.

मराठीची सावली आणि भारतीय इंग्रजीचा तंटा

पाचव्या भागात १२ गुणांचा, बारा ओळींचा उतारा. नऊ ओळींत एकेक चूक, तीन ओळी निर्दोष. ओळ बरोबर असेल तर बरोबरची खूण करायची. तीन निर्दोष ओळी नसतील तर विद्यार्थी प्रत्येक ओळीत काहीतरी खोडतोच.

चुका निवडल्या त्या इथल्या बोलण्यातून उतरणाऱ्या. ‘मी २०१९ पासून इथे राहतो’ हे मराठीत वर्तमानकाळात असते, म्हणून ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स’ येते. ‘जरी… तरी’च्या जोडीमुळे ‘ऑल्दो… बट’ येते. नागपूरकर तर ‘तो काम करून राहिला’, ‘मला समजून राहिलं’ असे बोलतो. त्यावर हिंदीचा ‘रहा है’ही पाठीशी उभा. मग ‘आय ॲम नोइंग’, ‘शी इज हॅविंग टू ब्रदर्स’ ही वाक्ये त्याच्या कानाला खटकत नाहीत. अप्रत्यक्ष प्रश्नातही मराठीचा ‘की’ डोकावतो: ‘ही आस्क्ड मी दॅट व्हेअर वॉज आय गोइंग.’

इथे वाद झाला आणि तो पेपरआधी झाला हे बरे. ‘ऑल्दो… येट’ चूक धरायची का? नाही, औपचारिक इंग्रजीत ती जोडी जुनी आणि मान्य आहे, चूक फक्त ‘बट’ची. ‘प्रीपोन’ (ठरलेली वेळ अलीकडे आणणे)? ऑक्सफर्डच्या शब्दकोशात तो भारतीय इंग्रजी म्हणून नोंदलेला आहे. चाचणीत घ्यायचाच नाही. सगळ्यात लांबला तो ‘गिव्ह ॲन एक्झाम’. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक घेतो. इंग्रजीत विद्यार्थी ‘टेक’ करतो आणि शिक्षक ‘गिव्ह’ करतो, म्हणजे देवघेव बरोबर उलटी. एका बाजूचे म्हणणे, अनुवादाच्या विद्यार्थ्याला हे कळलेच पाहिजे. दुसऱ्या बाजूचे, देशभर लाखो सुशिक्षित माणसे असे बोलतात, त्याला चूक कशी म्हणायची? ठरले ते असे: जे फक्त भारतीय वापरात आहे ते गुणांच्या प्रश्नात येणार नाही, पूरक वर्गात चर्चेला येईल, जे भारतीय संपादकही लाल शाईने खोडेल तेवढेच चूक. नियम सर्वमान्य होण्याची गरज नाही. तो लिहून ठेवलेला असला म्हणजे तपासणाऱ्याच्या मर्जीवर गुण जात नाहीत.

कागदावरून वर्गात

पेपर काढणाऱ्यांखेरीज दोघा अध्यापकांनी उत्तरसूची न पाहता तो सोडवला. सात ठिकाणी त्यांची उत्तरे सूचीपेक्षा वेगळी आली. त्यांतली चार मान्य करावी लागली, तीन प्रश्न बदलले. यापेक्षा स्वस्त आणि गुणकारी उपाय या व्यवसायात नाही. मग एम. ए. दुसऱ्या वर्षाच्या २२ जणांवर पूर्वचाचणी. २२ जणांवरून काठिण्य मूल्य भरवशाचे येत नाही, पण सूचना कळत नाही, दोन उत्तरे बसतात, वेळ अपुरा पडतो, हे लगेच दिसते.

एका बाकावर दोघे बसणार म्हणून दोन संच केले. उताऱ्यातल्या जागा मागेपुढे करता येत नाहीत, त्यामुळे भागांचा क्रम बदलला. झेरॉक्सला देण्याआधी एवढे पाहिले की एकही उतारा पान उलटून पुढे जात नाही.

तपासणीत नाव झाकून क्रमांक. पहिले १५ पेपर दोघांनी एकत्र बसून तपासले आणि न सुचलेली पण योग्य उत्तरे सूचीत घातली; तिथे सूची गोठवली. चाळिसाव्या पेपरला नवे मान्य उत्तर सापडले तर आधीचे ३९ पुन्हा पाहायचे, हाही नियम. तो एकदा लागू करावा लागला.

दुसरा निकाल आणि रेघ

त्याच ७४ जणांचे मध्यमान आता २९, प्रमाण विचलन ८.१. एक-शून्य नसलेले प्रश्न असल्यामुळे केआर-२० ऐवजी क्रॉनबॅकचा अल्फा हे विश्वसनीयतेचेच दुसरे माप काढले: ०.८६. इथे हुरळून जायचे नाही. एकाच उताऱ्यातल्या जागा एकमेकींना धरून असतात. उतारा कळला की चार जागा एकदम सुटतात, आणि त्यामुळे अल्फा फुगतो. प्रत्येक उतारा एकेक मोठा प्रश्न धरून हिशेब पुन्हा केला तेव्हा ०.७९ उरला. प्रमाण त्रुटी ८.१ गुणिले ०.२१ चे वर्गमूळ, म्हणजे ३.७. ती आधीच्या २.७ पेक्षा मोठी दिसते आणि इथे कित्येक जण फसतात. त्रुटी वर्गाच्या पसाऱ्याशी ताडून पाहावी लागते: आधी २.७ भागिले ४.२, म्हणजे ०.६४, आता ३.७ भागिले ८.१, म्हणजे ०.४६. निबंधाशी सहसंबंध ०.३४ वरून ०.६१ वर आला. यातला थोडा भाग तीन आठवड्यांच्या शिकवणीचा आणि चाचणीच्या सरावाचाही असणार, म्हणून सगळे श्रेय पेपरला देता येत नाही.

रेघ या वेळी खोलीतल्या बाकांवरून ठरली नाही. अँगॉफ यांच्या १९७१ च्या पद्धतीने पाच अध्यापकांनी उंबरठ्यावरचा विद्यार्थी डोळ्यांसमोर आणला, म्हणजे पूरक वर्गाविना जेमतेम तग धरेल असा. अशा दहा जणांपैकी किती जण हा प्रश्न सोडवतील, हे प्रत्येकाने प्रश्नागणिक लिहिले. बेरजा पहिल्या फेरीत २१ ते ३४ अशा विखुरल्या. ३४ वाल्यांच्या मनात उंबरठ्यावरचा नव्हे, आपला आवडता विद्यार्थी होता, हे बोलता बोलता उघड झाले. प्रत्यक्ष काठिण्य मूल्ये समोर ठेवून दुसरी फेरी घेतली. बेरजा २४ ते २९ मध्ये आल्या, सरासरी २६.४. रेघ २६ वर.

२६ च्या आजूबाजूला ३.७ धरून २३ ते २९ या पट्ट्यात २३ जण होते. त्यांचा निर्णय चाचणीवर सोडलाच नाही. नेमलेल्या पुस्तकातला एक परिच्छेद देऊन त्याचा १५० शब्दांत गोषवारा लिहून घेतला, दोघांनी वाचला, आणि निबंध शेजारी ठेवून तुकडी ठरवली. अखेर ‘ब’मधले १८ जण ‘अ’मध्ये गेले, ‘अ’मधले ८ जण ‘ब’मध्ये आले, आणि पूरक वर्गात राहिले २७.

‘अ’मधून खाली आलेल्या आठ जणांपैकी पाच जणांना पहिल्या पेपरात रूपांतराच्या २० पैकी १९ किंवा २० गुण होते. त्यांची समजूत घालताना विभागाने दोन्ही पेपर समोर ठेवले: एकात ‘नो सूनर’चे बरोबर उत्तर, दुसऱ्यात ‘नॉट अंटिल’पुढे लिहिलेले ‘हॅड’. पूरक वर्गाचा पहिला तास त्या जागेवरच घेतला गेला.

प्रश्नांची कार्डे आता कपाटात आहेत. प्रत्येक कार्डावर प्रश्न, गोठवलेली उत्तरसूची, वापरल्याची तारीख, काठिण्य आणि भेदन मूल्य, आणि कोणत्या चकव्यावर किती जण गेले याची नोंद. भेदन ०.२० खाली गेलेले सहा प्रश्न लाल पेनने बाद केले आहेत. तलावाच्या उताऱ्याच्या कार्डावर शेरा आहे: तीन वर्षे वापरू नये, पेपर बाहेर गेलेला आहे.